बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या सहकाऱ्यासाठी कार्यालयाने नेमके काय करावे?

अर्धविराम

मी एका कंपनीच्या हिशेब विभागाचा प्रमुख आहे. आमच्या विभागातली एक अनुभवी सहकारी पुढच्या महिन्यात प्रसूती रजा संपवून रुजू होते आहे. रजा किती मिळेल, पगार कसा मिळेल, अर्ज कोणाकडे द्यायचा, याविषयी कंपनीचे नियम स्पष्ट आहेत. पण ती परतल्यावर तिच्या कामाची आखणी कशी करायची, याविषयी कुठे एक ओळही लिहिलेली नाही. मनुष्यबळ विभागाकडे चौकशी केली, तर "तुम्ही समजून घ्या" एवढेच उत्तर मिळाले. समजून घेण्याची माझी तयारी आहे, परंतु नुसत्या समजूतदारपणाने महिनाअखेरीचे ताळमेळ लागत नाहीत.

तिच्यावरचा भार हलका करावा असे मला वाटते, पण तो कमीपणा वाटू नये असेही वाटते. तिला काय विचारणे योग्य आणि काय विचारणे खासगी आयुष्यात डोकावण्यासारखे, हे कळत नाही. शिवाय तिच्या गैरहजेरीत ज्यांनी तिचे काम ओढले, त्यांचाही विचार करायला हवा. स्वतः या अनुभवातून गेलेल्यांनी किंवा अशी व्यवस्था लावलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पायवाट

दोन्ही बाळंतपणांनंतर मी नोकरीवर परतले, तेही वेगवेगळ्या ठिकाणी, त्यामुळे मला तुलना करता येते. पहिल्या आठवड्याची काळजी सगळेच करतात. टेबलावर फुले असतात, लोक बाळाचे फोटो बघायला येतात, आणि त्या आठवड्यात खरे तर फारसे काही अडत नाही, कारण घरी सगळी फौज सज्ज ठेवलेली असते. अडायला लागते ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. तोवर मदतीला आलेले नातेवाईक आपापल्या घरी गेलेले असतात, पाळणाघरात गेलेले बाळ एकामागून एक सर्दी-ताप घरी आणत असते, आणि आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास तर बहुतेक बाळांना आई नजरेआड झालेली अजिबात खपत नाही. नेमक्या याच सुमारास कार्यालयाची समजूत झालेली असते की आता सगळे पूर्ववत झाले. म्हणून तुम्ही आखणी करणार असाल तर ती निदान तीन-चार महिन्यांची करा. पहिल्या आठवड्यात थोडे कमी केलेत तरी चालेल.

रुजू होण्याचा दिवस सोमवार ठेवू नका. बुधवार किंवा गुरुवार ठेवलात तर दोन-तीन दिवसांनी श्वास घ्यायला सुट्टी मिळते आणि घरची घडी कुठे विस्कटते आहे तेही लक्षात येते. शक्य असल्यास बाळाला पाळणाघराची सवय तिची रजा संपण्याआधीच लागू द्यावी. यात तुमचा सहभाग इतकाच, की रुजू होण्याची तारीख ऐनवेळी अलीकडे ओढू नका. रजेच्या काळात संपर्क ठेवायचा की नाही, हे तिलाच विचारा. ब्रिटनमध्ये यासाठी कायद्यातच सोय आहे: प्रसूती रजा न मोडता जास्तीत जास्त दहा दिवस कामावर येता येते, मात्र दोन्ही बाजूंची संमती लागते. सक्ती नाही आणि संबंधही तुटत नाही, ही त्यातली खुबी आहे.

ती आल्यावर पहिल्या दोन दिवसांत तिला मधल्या काळातले बदल लेखी द्या. कोणते सॉफ्टवेअर बदलले, कोणत्या मंजुऱ्या आता कोणाकडून घ्यायच्या, कोण नोकरी सोडून गेले, कोणता ग्राहक नाराज आहे. माझ्या पहिल्या परतीच्या वेळी संगणकाचा पासवर्ड बंद पडला होता आणि तो चालू होईपर्यंत मी कोणाच्या तरी शेजारी खुर्ची ओढून बसून होते. हे कोणी मुद्दाम केलेले नसते, पण तुमच्यावाचून येथे काही अडलेले नव्हते, हे त्यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

आणि बैठकांच्या वेळा पाहा. पाळणाघर सहाला बंद होत असेल, तर साडेपाचला सुरू झालेल्या बैठकीत तिची नजर कागदावर असते, पण मोबाइल मांडीवर पालथा ठेवलेला असतो, आणि कोणी "शेवटचा एकच मुद्दा" म्हणाले की ती मनातल्या मनात रस्त्यावरच्या गर्दीचा हिशेब करू लागते. अशी बैठक सकाळी ठेवायला एक पैसाही लागत नाही.

मोरपीस

मी स्तनपान सल्लागार म्हणून काम करते. हा विषय कार्यालयात बोलायला सगळ्यांनाच संकोच वाटतो, म्हणून थोडे मोकळेपणाने लिहिते.

बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पुष्कळ आया या मुदतीच्या बऱ्याच आधी कामावर परततात. दूध तयार होण्याचे गणित मागणीवर चालते. स्तन रिकामा होत राहिला तर दूध बनत राहते. भरलेला राहिला तर शरीर निर्मिती कमी करते. त्यामुळे कामाच्या वेळेत साधारण दर तीन-चार तासांनी दूध काढावे लागते. "आज बैठक लांबली, उद्या काढ" असे म्हणून ते पुढे ढकलता येत नाही. तुंबून राहिले तर आधी ठणका लागतो, मग गाठी होतात, आणि कधी कधी स्तनाचा दाह होऊन थंडी वाजून ताप येतो. अशा वेळी अंगावर पाजणे बंद न करता डॉक्टरांना दाखवावे लागते.

कार्यालयाने द्यायचे ते फार नाही. आतून कडी लावता येईल अशी खोली, खुर्ची, विजेचा प्लग, जवळपास हात धुण्याची सोय आणि दूध ठेवायला फ्रिज. स्वच्छतागृह ही दूध काढण्याची जागा नव्हे. बाळाचे अन्न तयार करायला कोणी तिथे बसणार नाही. अमेरिकेच्या कायद्यात तर जागा स्वच्छतागृहाव्यतिरिक्त असावी, असे स्पष्ट लिहिलेले आहे. सामानाची खोली वापरणार असाल, तर त्या वेळेत तिथे फाइल शोधायला कोणी येणार नाही याची व्यवस्था करा. दारावर टकटक झाली की बरेचदा दूध उतरतच नाही, कारण ते उतरवणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक ताणाखाली कचरते.

काढलेले ताजे दूध सुमारे २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम राहते. हवा अधिक उष्ण असेल तर ते बाहेर ठेवूच नये. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या बंद डब्यात ते दिवसभर नीट राहते, त्यामुळे फ्रिज नसेल तरी मार्ग निघतो. दूध गरम करायला मायक्रोवेव्ह वापरू नये, ते कुठे थंड तर कुठे कढत राहते आणि बाळाचे तोंड भाजू शकते.

एक मात्र सांगते. तिने बाळाला अंगावर पाजायचे की नाही, हे तिला विचारू नका. "आपल्याकडे अशी खोली आहे, हवी असल्यास किल्ली अमुक ठिकाणी मिळेल" एवढा निरोप सर्वांनाच द्या. ज्यांना गरज आहे त्या वापरतील, आणि जिने पावडरचे दूध द्यायचे ठरवले आहे तिला कोणापुढे खुलासा करावा लागणार नाही.

सरळरेषा

वरचे दोन्ही प्रतिसाद पटले, परंतु मला दुसऱ्या बाजूने लिहायचे आहे. माझ्याशी कोणीही वाईट वागले नाही, आणि तीच माझी अडचण होती. मी परतले तेव्हा माझ्याकडचा सर्वांत मोठा ग्राहक दुसऱ्याकडे दिला गेला होता, "तुला आता प्रवास नको" म्हणून. प्रशिक्षणासाठी माझे नाव पाठवले गेले नाही, "बाळ लहान आहे" म्हणून. प्रत्येक निर्णयामागे काळजीच होती. मला मात्र कोणी विचारले नव्हते. पुढे बढतीचा विषय निघाला तेव्हा हेच निर्णय माझ्या विरोधात मोजले गेले, कारण माझ्या नावावर दाखवण्यासारखे मोठे काम उरलेच नव्हते.

हा केवळ माझा अनुभव नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉरेल, बेनार्ड आणि पाइक या संशोधकांनी सारख्याच पात्रतेचे काल्पनिक अर्ज नोकरी देणाऱ्यांकडे पाठवले होते. एका अर्जावरून ती स्त्री आई असल्याचे कळत होते, दुसऱ्यावरून कळत नव्हते. मूल नसलेल्या अर्जदार स्त्रियांना आयांपेक्षा दुपटीहून अधिक बोलावणी आली. वडील असल्याचा मात्र पुरुषांना तोटा झाला नाही.

म्हणून अर्धविराम, भार हलका करण्याआधी तो तिला हलका हवा आहे का, हे विचारा. काहींना खरोखर हवा असतो. काहींना मात्र दिवसातले हे आठ तासच डोके चालवायला मिळणारे तास वाटतात, आणि त्यात तुम्ही त्यांच्यापुढे नोंदी तपासण्याचे काम टाकलेत तर त्या महिन्याभरात दुसरी नोकरी शोधू लागतील. "तुझे पूर्वीचे काम तुझेच आहे; त्यातले काही सहा महिने बाजूला ठेवायचे असेल तर तू सांग, आणि परत कधी घेणार तेही ठरवू", असे म्हणता येते. परत घेण्याची तारीख लिहून ठेवा. ती नसली की बाजूला ठेवलेले काम कायमचे बाजूला जाते.

रात्रपाळी

येथे सगळी चर्चा टेबल-खुर्चीच्या नोकरीची चालली आहे. मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि आमच्या वॉर्डात घरून काम करणे नाही, वेळ मागेपुढे करणे नाही, सकाळची बैठक नाही. आम्हाला उपयोगी पडते ती एकच गोष्ट: पाळ्यांचा तक्ता आधी हातात मिळणे. महिनाभराचा तक्ता आधी मिळाला तर पाळणाघर, घरातली माणसे, नवऱ्याची पाळी, सगळे जुळवता येते. आदल्या दिवशी संध्याकाळी फोनवर पाळी बदलल्याचे कळले, तर त्याच फोनवरून मला आणखी चार जणांना विनवण्या कराव्या लागतात.

दुसरे म्हणजे, दूध काढण्यासाठी सुट्टी आहे असे कागदावर लिहून भागत नाही. त्या वेळात माझे रुग्ण कोण बघणार, त्या माणसाचे नाव तक्त्यावर हवे. नाव नसेल तर ती सुट्टी मी कधीच घेणार नाही, कारण माझ्या जागी उभी राहणारी मैत्रीणही आधीच दोन जणींचे काम करत असते. आमच्याकडे एका प्रभारी परिचारिकेने हे नाव रोज फळ्यावर लिहायला सुरुवात केली, आणि त्यानंतरच ती खोली वापरात आली. कारखाना असो, दुकान असो, शाळा असो, जिथे जागा सोडता येत नाही तिथे हेच लागू पडेल.

रेघोट्या

मला मूल नाही आणि या धाग्यावर लिहावे की नाही, असा विचार करत होते. परंतु अर्धविराम यांनी इतर सहकाऱ्यांचा उल्लेख केला म्हणून लिहिते. आमच्या विभागात एकापाठोपाठ दोघी रजेवर गेल्या. दोन्ही वेळा बदली माणूस आला नाही. काम आम्हा तिघांत वाटले गेले, आणि त्या परत आल्यावर "तिला थोडे सांभाळून घ्या" असा तोंडी निरोप मिळाला. सांभाळून घेतले. पण तिला पाच वाजता निघता यावे म्हणून मी आठपर्यंत थांबायचे, याचा अर्थ तिची सोय कंपनीने केलेली नसून मी केलेली आहे, आणि त्याचे श्रेय कंपनी घेते आहे. राग मात्र तिच्यावर निघतो, कारण ती समोर असते.

यावर उपाय पैशाचा आहे, मनाच्या मोठेपणाचा नाही. रजेच्या काळासाठी आणि परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी बदली माणूस घ्या. दोघे एकत्र काम करतील तेव्हा कामही नीट सुपूर्त होईल. ते जमत नसेल तर ज्यांनी जादा काम केले त्यांना मोबदला किंवा भरपाई रजा द्या आणि मूल्यमापनात तशी लेखी नोंद करा. आणि वेळेची जी सवलत द्याल, ती शक्य तितकी सर्वांना खुली ठेवा. माझे वडील अंथरुणावर होते तेव्हा मलाही लवकर निघण्याची गरज होती, पण त्या कारणासाठी कंपनीकडे रकानाच नव्हता.

पायवाट

रेघोट्या, तुम्ही लिहिलेत ते बरे झाले. परत आल्यावर मला सर्वांत जड गेली ती हीच गोष्ट. आपल्यामुळे कोणाला तरी थांबावे लागते आहे, हे दिसत असते, आणि त्याची भरपाई म्हणून मी जेवणाची सुट्टी सोडून काम करत असे. त्याने दोघींचेही भले झाले नाही.

दुसरा_पालक

येथे वडिलांचा विषय अजून आलेला नाही, म्हणून लिहितो. आईला कामावर परतणे सोपे करायचे असेल तर बाबांच्या कार्यालयाने बदलायला हवे. पाळणाघराच्या अर्जावर आपत्कालीन संपर्क म्हणून आधी कोणाचा क्रमांक लिहिलेला असतो, ते पाहा. आम्ही माझा लिहिला. तरी पहिले काही महिने फोन बायकोलाच जात असे.

नॉर्वेने १९९३ साली पालक रजेतले चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. त्यांनी घेतले नाहीत तर ते वाया जाणार, अशी अट होती. त्याआधी अशी रजा घेणारे वडील अगदी थोडे होते. काही वर्षांतच बहुसंख्य वडील ती घेऊ लागले. रजा दोघांत कशीही वाटून घ्या म्हटले की ती आईकडेच जाते, आणि राखीव ठेवली की वडील घेतात. रजेत बाळाबरोबर एकट्याने दिवस काढलेल्या बापाला ताप किती चढल्यावर डॉक्टरांकडे न्यायचे, डायपर कुठे ठेवले आहेत, हे विचारायला फोन करावा लागत नाही.

हे घराच्या अर्थकारणाशीही जोडलेले आहे. डेन्मार्कमधील नोंदींच्या अभ्यासात असे दिसले की पहिल्या मुलापर्यंत स्त्री-पुरुषांची कमाई जवळपास समांतर वाढत जाते. मूल झाल्यावर आईची कमाई घसरते आणि दीर्घकाळात सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते, वडिलांची मात्र आपल्या रेषेवरून ढळत नाही. २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनीही हेच दाखवले आहे, की आजच्या काळातील कमाईतल्या तफावतीचा मोठा भाग पहिल्या मुलाच्या जन्मापासून सुरू होतो. त्यामुळे अर्धविराम, तुमच्या विभागात एखाद्याला मूल होणार असेल, तर त्यालाही विचारा की तुझी रजा कधी, आणि तो घेत असेल तर त्यावर विनोद होऊ देऊ नका.

अर्धविराम

सर्वांचे आभार. आणखी दोन शंका आहेत. परतलेली सहकारी केवळ थकलेली आहे की तिला काही त्रास होतो आहे, हे वरिष्ठाने कसे ओळखावे आणि ओळखल्यावर काय बोलावे? आणि आमच्याकडे वार्षिक मूल्यमापन ती परतल्यावर थोड्याच दिवसांत आहे. वर्षातले निम्मे महिने ती रजेवर होती, तर तिचे मूल्यमापन कसे करायचे?

सायंतारा

मी समुपदेशक आहे, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर देते. तुम्ही निदान करू नका. तो तुमचा प्रांत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकार जडतो, आणि त्यात नैराश्य मुख्य असते. ते बाळंतपणानंतर लगेचच येते असे नाही. पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकते, म्हणजे कामावर परतण्याचा काळही त्यात येतो. झोप अपुरी असणे वेगळे, आणि बाळ झोपलेले असतानाही झोप न लागणे वेगळे. एकसारखी अपराधी भावना, कशातच रस न वाटणे, छोट्या चुकीवरून कोलमडणे, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तज्ज्ञांची मदत हवी. डॉक्टर यासाठी १९८७ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली वापरतात. थायरॉइडचा बिघाड आणि रक्तातले कमी हिमोग्लोबिन यांनीही असाच थकवा येतो, म्हणून साधी रक्ततपासणीही महत्त्वाची असते.

तुम्ही एकांतात, काय पाहिलेत ते सांगून विचारू शकता: "गेले दोन आठवडे तू फार गप्प आहेस असे मला वाटले. कामात काही बदलायला हवे आहे का? डॉक्टरांकडे जायला वेळ हवा असेल तर रजेचा अर्ज नंतर दे." कारण विचारू नका. तिने सांगितले तर ऐका, आणि ते तुमच्या वरिष्ठांपर्यंत तिच्या संमतीवाचून नेऊ नका. मात्र स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार तिने बोलून दाखवले, तर त्याच दिवशी घरच्यांच्या मदतीने डॉक्टर गाठा. तेव्हा संकोच करू नये.

कागदपत्र

मी मनुष्यबळ विभागात काम करतो. मूल्यमापन जितके महिने काम झाले तितक्याच महिन्यांचे करावे. वार्षिक उद्दिष्ट त्या प्रमाणात कमी करा. बाराचे उद्दिष्ट तसेच ठेवून सहा महिन्यांचे काम त्यापुढे मांडलेत तर कोणीही नापासच होणार. मोजण्याइतके काम झालेलेच नसेल, तर मागच्या वर्षीची श्रेणी पुढे न्यावी आणि पगारवाढ इतरांबरोबरच द्यावी. "सरासरी" हा शेरा मारून मोकळे होण्याचा मोह टाळा, कारण तो शेरा पुढची कित्येक वर्षे फाइलमध्ये राहतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात किमान चौदा आठवड्यांची रजा, परतल्यावर तेच पद किंवा त्याच वेतनाचे समकक्ष पद, आणि स्तनपानासाठी रोजची सुट्टी किंवा कामाच्या तासांत कपात, ही तरतूद आहे. या सुट्टीचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरायचा आणि त्याचा मोबदला द्यायचा, असेही त्यात आहे. स्तनपानाच्या सुट्टीची कल्पना नवी नाही. याच संघटनेच्या १९१९ च्या करारात दिवसातून दोनदा अर्धा तास दिलेला होता. तुमच्या देशाने करार मान्य केला असो वा नसो, "समकक्ष पद" ही कसोटी विभागाला लावून पाहा: पगार तोच असला, तरी अधिकार, हाताखालची माणसे आणि बढतीचा मार्ग तोच आहे का?

अर्धविराम

शेवटचा प्रश्न पायवाट यांना. बाळ आजारी पडून ती अचानक येऊ शकली नाही, तर त्या दिवसाचे काय ठरवून ठेवावे? आमच्याकडे महिनाअखेरचे चार दिवस खरोखर कोणाचीही गैरहजेरी परवडत नाही.

पायवाट

ते दिवस आधीच माहीत असतात, ही जमेची बाजू आहे. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे सामान्य आहे आणि पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहून अधिक वेळा होते. म्हणजे असा दिवस येणार हे गृहीत धरूनच चला. तिच्या प्रत्येक महिनाअखेरीच्या कामाला एक जोडीदार नेमा, ज्याला फाइल कुठे आहे आणि काम कुठवर आले आहे हे ठाऊक असेल, आणि त्या जोडीदाराच्या रजेच्या दिवशी तीही त्याचे काम पाहील. हे दोघांनाही लागू असले की उपकाराचा प्रश्न उरत नाही. त्या चार दिवसांसाठी घरी बाळाजवळ कोण थांबेल, हे तिने आणि तिच्या नवऱ्याने आधी ठरवावे, आणि तुम्ही तिला तारखा निदान तीन महिन्यांच्या एकदम द्या. सकाळी फोन आला, तर "किती ताप आहे" याऐवजी "कोणती फाइल कोणाला देऊ" एवढेच विचारा. बाकीचे ती आल्यावर सांगेल, सांगायचे असेल तर.